मदत हवी आहे: केळीच्या कुळाचा ट्री आयटीएसने एक येतो, क्लोरोप्लास्टने दुसराच

नमस्कार मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, विषय म्युसेसीचं म्हणजे केळीच्या कुळाचं मॉलिक्युलर मार्कर (ओळख पटवणारे डीएनएचे तुकडे) वापरून वर्गीकरण. पेशीकेंद्रातल्या डीएनएचा आयटीएस हा तुकडा आणि क्लोरोप्लास्टमधला (पानातल्या हिरव्या कणांमधला) टीआरएनएल-एफ हा तुकडा वाचून ट्री म्हणजे वंशवृक्ष काढतेय. घेताना वाटलं तीनच तर जीनस आहेत, म्युसा, एन्सेट आणि म्युसेला, पटकन उरकेल. आता चौथा महिना लागला.

पहिला महिना तर डीएनए काढण्यातच गेला. पानात चीक आणि पॉलिफिनॉल एवढे की पेलेट (तळाशी बसणारा डीएनएचा गोळा) तपकिरी आणि चिकट यायचा आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) लावला की जेल कोरं, एकही पट्टी नाही. शेवटी पोंग्यातलं न उलगडलेलं पान घेतलं, सीटॅबमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल वाढवलं तेव्हा कुठे पांढरा पेलेट दिसला (तो वास अजून नाकातून जात नाहीये).

आता खरी अडचण. पुस्तकात म्युसाचे युम्युसा आणि ऱ्होडोक्लॅमिस वेगळे सेक्शन (उपगट) दिलेत, दोघांचा क्रोमोसोमचा बेसिक आकडा ११च, पण माझ्या आयटीएसच्या ट्रीत ऱ्होडोक्लॅमिसमधल्या ऑर्नाटा आणि व्हेल्युटिना या जाती सरळ युम्युसाच्या जातींमध्ये जाऊन बसल्यात. लेबलं अदलाबदल झाली असतील म्हणून परत डीएनए काढून सीक्वेन्सिंग केलं, तरी तेच.

दुसरं म्हणजे एएबी गटातली (ए म्हणजे अ‍ॅक्युमिनाटाचा, बी म्हणजे बाल्बिसियानाचा जीनोम, या दोन रानटी जातींचा संकर) दोन खायची केळी घेतलीत, त्यांच्या आयटीएसमध्ये सुरुवातीचे शंभरेक बेस स्वच्छ येतात आणि मग एका जागेपासून पुढे एकावर एक दोन पीक (ग्राफमधले सुळके), सॉफ्टवेअर नुसतं एन एन एन (बेस ओळखू येत नाही) लिहितं. जेमतेम वाचून ट्रीत घातली तर बाल्बिसियानाजवळ जातात आणि क्लोरोप्लास्टच्या टीआरएनएल-एफने बघितलं तर अ‍ॅक्युमिनाटाजवळ. सिनियर म्हणते आरएपीडी (सीक्वेन्सिंग न करता नुसत्या डीएनएच्या पट्ट्या बघायचं तंत्र) करून मोकळी हो. करू का? की माझंच कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
काही चुकलेलं नाही, ट्यूबा टाकू नका. युम्युसा-ऱ्होडोक्लॅमिस ही भिंत वनस्पतीशास्त्रज्ञ चीझमनच्या १९४७ च्या मांडणीतली, डीएनएने ती कधी नीट उभीच राहिली नाही. एएफएलपी (पट्ट्यांवरून तुलना करायचं आणखी एक तंत्र) आणि आयटीएस दोन्हींत ११ क्रोमोसोमवाले एकत्र येतात आणि १० वाले कॅलिम्युसा-ऑस्ट्रॅलिम्युसा हे उरलेले सेक्शन एकत्र, म्हणून २०१३ मध्ये हॅकिनेनने म्युसाचे दोनच सेक्शन ठेवले, म्युसा आणि कॅलिम्युसा. तुमचं पुस्तक जुनं आहे एवढंच.

डबल पीकचं म्हणाल तर संकरात ए आणि बी दोन्हींच्या कॉपी असतात. एका जागेपासून पुढे सगळंच डबल होतंय म्हणजे तिथे एका कॉपीत एखाददुसरा बेस कमी-जास्त आहे, तिथून दोन्ही सीक्वेन्स एकमेकांवर सरकतात. क्लोनिंग करून (एकेक कॉपी बॅक्टेरियात घालून) कॉपी वेगळ्या करा. त्याआधी स्वस्तातली खात्री करून घ्या, आयटीएसचा पीसीआर प्रॉडक्ट आरएसए-वन एन्झाइमने कापा: ए असेल तर ५३० च्या आसपास पट्टी, बी असेल तर ३५० आणि १८० च्या.

आणि क्लोरोप्लास्ट वेगळं सांगणारच की. केळीत क्लोरोप्लास्ट आईकडून येतं आणि मायटोकॉन्ड्रिया चक्क बापाकडून! म्हणजे टीआरएनएल-एफ तुम्हाला फक्त आईचं माहेर सांगतंय. मूळ ट्री रानटी डिप्लॉइड जातींचाच करा, संकर नंतर त्यावर ठेवून बघा. आरएपीडीच्या भानगडीत पडू नका, आज आलेली पट्टी उद्या येईल याची खात्री नाही आणि हेटेरोझायगस (दोन वेगळ्या कॉपी असलेलं झाड) कळतच नाही.

धागाकर्ती:
खूप आभार! आईचं माहेर हे तर सेमिनारला वापरणारच. काल लगेच डायजेशन लावलं, दोन्ही सॅम्पलमध्ये तिन्ही पट्ट्या दिसल्या, १८० ची जरा फिकट आहे पण आहे. आता क्लोनिंगला एका सॅम्पलमागे किती कॉलनी उचलू? लॅबमध्ये प्लेट जेमतेम दहाच उरल्यात.