मदत हवी आहे: सूर्यातलं लिथियम गेलं कुठे?

नमस्कार मंडळी. पोरगी इथे नागपुरातच बीएस्सी करतेय, सेमिनारला विषय घेतलाय ताऱ्यांमधलं लिथियम. मी कॉमर्सवाला, पण रामन विज्ञान केंद्रातल्या तारांगणात जाऊन आल्यापासून नाद मलाच जास्त लागलाय.

इथवर समजलं: सुमारे २५ लाख केल्विनला लिथियम-७ च्या अणुकेंद्रात प्रोटॉन घुसतो आणि हेलियमची दोन केंद्रकं उरतात. सूर्याच्या वरच्या थरातला वायू तर्रीच्या पातेल्यासारखा घुसळत असतो. चणा तळाला जातो, परत वर येतो. तळ तेवढा तापलेला असला की लिथियम संपणारच.

पण आजच्या सूर्यात त्या थराचा तळ जेमतेम २२ लाखांचा! तरी उल्कांमधल्या, म्हणजे सूर्य जन्मला तेव्हाच्या मूळ प्रमाणाशी ताडून पाहिलं तर सूर्याच्या पृष्ठभागावर लिथियम साधारण दीडशेपट कमी. मग जळलं कधी? सूर्य कोवळा असताना, की थराच्या तळातून ते अजूनही हळूहळू खाली झिरपतंय? दोन्ही वाचलं, कोणाचा वाटा किती ते काही उमगत नाही.

कोणी भौतिकशास्त्रवाले असाल तर साध्या मराठीत सांगा ना. सोमवारी सेमिनार आहे, अन् पोरगी मलाच विचारतेय.