मदत हवी आहे : पायथन ३.९ सोडून किती पुढे जावं?

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड) सांभाळतो. ती अजून पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.९ व्हर्जनला सपोर्ट देते, आणि त्या व्हर्जनची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्येच संपली. आता त्याला सिक्युरिटी पॅचही येणार नाहीत. म्हणजे ३.९ सोडायचं हे नक्की, अडलंय ते पुढच्या पायरीवर.

३.१० किमान धरलं तर कमी लोकांना त्रास होईल, मॅच स्टेटमेंटही (अनेक शक्यतांतून जुळणारी निवडायची सोय) वापरता येईल. पण त्याचीही मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, की पुन्हा हेच काम समोर. थेट ३.१२ धरलं तर २०२८ पर्यंत निवांत. मात्र ३.१२ मधून डिस्ट्युटिल्स (पॅकेज तयार करायचं जुनं साधन) काढून टाकलंय, आणि आमची जुनी बिल्ड स्क्रिप्ट नेमकी त्याच्यावरच उभी आहे. ती सेटअपटूल्स या त्याच कामाच्या दुसऱ्या साधनावर न्यावी लागेल. ते करू.

खरी काळजी वापरणाऱ्यांची आहे. काहींच्या सर्व्हरवरचं पायथन बदलणं त्यांच्या हातात नसतं. लायब्ररीच्या मेटाडेटात (तिच्याबद्दलच्या नोंदीत) किमान व्हर्जन नीट लिहिलं की पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन) त्यांना आपोआप जुनी रिलीज देतं, हे ठाऊक आहे. पण त्या रिलीजमध्ये गंभीर बग निघाला तर? दोन ब्रांच (जुना आणि नवा कोड वेगवेगळा) सांभाळायला आमच्याकडे माणसं नाहीत, आणि कुणाला वाऱ्यावर सोडणंही मनाला पटत नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: दरवर्षी एकेक पायरी चढता की एकदम उडी मारता? आणि किमान व्हर्जन वाढवताना मेजर रिलीज (मोठा बदल दाखवणारी) काढता, की मायनर (छोट्या बदलाची) पुरते?