रास्पबेरीच्या पानांचा चहा कोणी घेतलाय का? (३४वा आठवडा, म्युनिक)

खडीसाखर
नमस्कार मंडळी. पहिलंच बाळंतपण. काल हेबामं (इथली सुईण, घरी येऊन तपासते) म्हणाली, आता रोज एक कप रास्पबेरीच्या पानांचा चहा सुरू कर, गर्भाशयाची तयारी होते. आई फोनवर म्हणते, "अगं फळं खा की, पाला कसला उकळून पितेस!" ती डिंक-आळीव घेऊन नाशिकहून यायला अजून महिना आहे. इथल्या डॉक्टरीणबाई "हवा तर घ्या" एवढंच बोलल्या. कोणाला फरक पडला का? चव कशी असते?

पावशेर
मी घेतला, दोन्ही खेपांना, इंग्लंडात. इकडे बत्तिसाव्या आठवड्याआधी नको म्हणतात. एका कपाने सुरुवात, मग हळूहळू दोन-तीन. पोट सारखं कडक व्हायला लागलं तर बंद करून सुईणीला कळवायचं. चवीचा रास्पबेरीशी काडीचा संबंध नाही. पातळ कोरा चहा, जरा तुरट, वाळक्या गवताचा वास. मी गूळ टाकून ढकलला.

पहिल्या वेळी २२ तास कळा, दुसऱ्या वेळी ५. चहा दोन्ही वेळा तोच, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं ते तूच बघ.

आजीचा_बटवा
आमच्याकडे नववा लागला की रात्री गरम दुधात तूप. सगळ्यांची बाळंतपणं सुखरूप झाली. नाहीतर एरंडेल आहेच.

डॉक्टरकाकू
एरंडेल अजिबात नको! स्वतःच्या मनाने तर नाहीच. जुलाब होतील, अंगातलं पाणी जाईल आणि कळांचं काय होईल ते सांगता येत नाही.

पानांबद्दल. १९४१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या पानांच्या अर्काने गर्भाशयाचा स्नायू सैल पडतो असं छापून आलं, तिथून या जुन्या घरगुती उपायाला वजन आलं. माणसांवरची माहिती मात्र तुटपुंजी. सिडनीत पहिलटकरणींवर अभ्यास झाला, २००१ साली प्रसिद्ध झाला. १९२ बायका, बत्तिसाव्या आठवड्यापासून पानांच्या गोळ्या (चहा नव्हे). कळांचा पहिला लांबलचक टप्पा काही कमी झाला नाही. जोर करण्याचा टप्पा सरासरी दहाएक मिनिटांनी आटोपला. आई किंवा बाळाला अपाय दिसला नाही, पण एवढ्याशा संख्येवरून छातीठोक कोण सांगणार? युरोपीय औषध संस्था हे पान पाळीतल्या दुखण्यासाठी, घसा-तोंडाच्या सुजेसाठी आणि साध्या जुलाबांसाठी पारंपरिक औषध मानते. गरोदरपणात पुरेशी माहिती नाही म्हणून शिफारस करत नाही.

आधीचं सिझर, जुळी, वार खाली असणं, वेळेआधी कळा, यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारल्याशिवाय घोटही नको. आणि यात टॅनिन (तुरट द्रव्य) असतं, त्याने लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून लोहाची गोळी याच्याबरोबर घेऊ नकोस. दोन तासांचं अंतर ठेव.

कढीपत्ता
मी स्टुटगार्टची. माझा गाढवपणा ऐक. दुकानातून 'हिंबेअर' (म्हणजे रास्पबेरी) लिहिलेलं गुलाबी खोकं आणलं आणि तीन आठवडे भक्तिभावाने प्यायले. नंतर मागची बाजू वाचली तर जास्वंदीच्या जातीचं फूल, सफरचंद आणि रास्पबेरीचा नुसता स्वाद! पाकिटावर 'हिंबेअरब्लेटर' हवं, 'ब्लेटर' म्हणजे पानं. अपोथेकेतून (इथलं औषधांचं दुकान) सुटी पानं घे.

तिथेच 'बेअरेनट्राउबेनब्लेटर' मिळेल, ते चुकूनही उचलू नकोस. बेअरबेरीची पानं, लघवीच्या जळजळीवर देतात. गरोदरपणात वर्ज्य, आणि एरवीही जर्मन लोक स्वतःच्या मनाने एका वेळी आठवड्याहून जास्त आणि वर्षातून पाचपेक्षा जास्त वेळा घेऊ नका म्हणतात. ब्लॅकबेरीची पानंही असतात, जुलाबावर आणि तोंड आलं की गुळण्यांना. आपला पेरूचा कोवळा पालाच समज, तोच तुरटपणा.

खडीसाखर
सगळ्यांना धन्यवाद! डॉक्टरीणबाईंना पुन्हा नीट विचारलं, वार वर आहे, बाकीही काही अडचण नाही. अपोथेकेतून पानं आणली, नाव दोनदा वाचलं. एक चमचा, उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकण. सकाळी हा कप, लोहाची गोळी रात्री. नवरा स्वयंपाकघरात येऊन विचारतोय, पेंढा कुठे भिजत घातलाय?

पावशेर
गूळ टाक, गूळ.