कूलरच्या खोलीतील सक्युलंटना मे महिन्यात पाणी किती द्यावे?

प्रश्न
जानेवारीत मी जेड, एचेव्हेरिया आणि हॉवर्थिया अशी तीन सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी, रोपे आणली व बैठकीच्या खिडकीत, कूलरपासून तीनेक फुटांवर ठेवली. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ती सुकतील या धास्तीने रोज सायंकाळी प्रत्येक कुंडीत अर्धी वाटी पाणी घालत आले. आता एचेव्हेरियाची खालची पाने पिवळट व पारदर्शक होऊन बोट लागताच गळतात; जेडची पाने मात्र सुरकुतली आहेत. एकाला पाणी जास्त आणि दुसऱ्याला कमी पडत असेल का?

पहिले उत्तर
लिबलिबीत, पारदर्शक पान हे जास्त पाण्याचेच लक्षण आहे. जेडच्या बाबतीत मात्र घाई करू नका, कारण तहानेने पाने सुरकुततात तशीच मुळे कुजून पाणी वर चढेनासे झाले तरीही सुरकुततात. खोड मातीलगत दाबून पाहा. मऊ लागले तर मुळे गेली. मग जळून उरलेली अगरबत्तीची काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढा. तिला माती चिकटून आली, तर वरची माती कितीही कोरडी दिसो, पाणी देऊ नका. काडी कोरडी आली की तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत भरपूर पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले लगेच ओतून टाकावे. रोजच्या अर्ध्या वाटीपेक्षा हे कितीतरी बरे.

दुसरे उत्तर
आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हात आपसूक पाण्याकडे जातो. माझीही दोन रोपे अशीच गेली. ही झाडे पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मुख्यतः रात्री उघडतात आणि कडक उन्हाळ्यात एचेव्हेरियाची वाढ जवळजवळ थांबते, त्यामुळे ती पाणी फारच थोडे ओढते. त्यात कूलरची हवा दमट, म्हणजे माती वाळणार कधी? कुंडीत आपली काळी माती असेल तर ती काढून टाका आणि निम्म्याहून अधिक जाड रेती व विटेचा चुरा घाला. शिवाय गच्चीवरच्या टाकीचे पाणी सायंकाळी चटका बसेल इतके तापलेले असते, म्हणून पाणी पहाटेच द्या.

प्रश्नकर्ती
काडी तिन्ही कुंड्यांतून ओली निघाली. जेडचे खोड टणक आहे, पण एचेव्हेरियाचे खाली काळे पडले आहे.

पहिले उत्तर देणारे
मग एचेव्हेरियाचा शेंडा स्वच्छ सुरीने, आतला गाभा डागविरहित दिसेपर्यंत वर सरकत कापा. चार-पाच दिवस सावलीत वाळू द्या, कोरड्या रेतीवर नुसता टेकवून ठेवा आणि मुळे फुटेपर्यंत पाणी घालू नका. जेड कूलरपासून दूर, उजेडात हलवा.