पाऊस वेगळा, घोडा वेगळा: सिम्स ४ च्या पॅकबद्दल मला काय वाटतं

चारू_सिमकर:
काल इथे एकाने लिहिलं, "मूळ खेळ फुकट आहे, पॅक परवडत नसतील तर घेऊ नका, रडता कशाला?" ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

नव्यांसाठी सांगते: सिम्स ४ हा माणसं, म्हणजे 'सिम', घडवून त्यांचं घर-संसार चालवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ, आणि पॅक म्हणजे त्याला वेगळे पैसे देऊन जोडायची भर. मूळ खेळ फुकट झाला ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्याआधी आठ वर्षं आम्ही तो पैसे मोजूनच घेत होतो. सप्टेंबर २०१४ मध्ये आला तेव्हा त्यात पोहायचा तलाव नव्हता. दुडुदुडु चालणारं मूल नव्हतं, पाळण्यातलं बाळ थेट शाळकरी पोर व्हायचं. तलाव दोन महिन्यांनी आला, मुलं जानेवारी २०१७ मध्ये. दोन्ही फुकट दिलं हे खरं, पण सिम्स ३ मध्ये ते पहिल्यापासून होतंच की.

आता प्राण्यांचं बघा. सिम्स ३ चा २०११ चा पेट्स पॅक घेतला की कुत्री, मांजरं, घोडे, पिंजऱ्यातले पक्षी सगळं एकदम मिळायचं. सिम्स ४ मध्ये कुत्री-मांजरं २०१७ ला, ३९.९९ डॉलर. हॅमस्टर २०१८ ला, ९.९९ डॉलर. त्याच छोट्या पॅकमधले कुत्र्यामांजरांचे नवे कपडे वापरायचे तर आधीचा मोठा पॅक हवाच. घोडे २०२३ ला, पुन्हा ३९.९९. आणि पाऊस? सिम्स २ मध्ये २००७ ला, ३ मध्ये २०१२ ला, ४ मध्ये २०१८ ला, तिन्ही वेळा वेगळा विकला. कपडे, सोफे विका, माझी तक्रार नाही. पण पाऊस ही चैनीची वस्तू नाही हो!

ठाणेकर_राजा:
चारूताई, तारखा बरोबर आहेत, पण हिशोब अर्धाच मांडलात. या खेळाला दहा वर्षं उलटून गेली आणि अजून फुकट अपडेट येतात. डिसेंबर २०२० मध्ये त्वचेच्या शंभरहून जास्त छटा आल्या. त्याआधी माझ्या मुलीला स्वतःच्या रंगाची सिम करताच येत नव्हती, जी करायची ती राखाडी दिसायची. ती छटा सापडली त्या दिवशी तिने घरातल्या सगळ्यांना ओढून आणून दाखवली. रांगतं बाळ मार्च २०२३ मध्ये आलं, तेही फुकट. हे करणाऱ्यांचे पगार कुठून निघतात? पॅकमधूनच ना? मी एकही पॅक पूर्ण किमतीला घेतलेला नाही, सेल लागला की एखादा घेतो. एवढा संयम ठेवायला काय हरकत आहे?

मोकळा_वारा:
दादा, संयम आम्ही ठेवायचा आणि कंपनीने काय ठेवायचं? लग्नाचा पॅक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला तेव्हा पाहुणे विधीला खुर्चीत बसत नव्हते, जगभर बोंब झाली. पैसे आधी आणि दुरुस्ती मागाहून, हे आम्ही का चालवून घ्यायचं?

वाड्यातली_लेक:
मी कोणाच्या बाजूने आहे ते माझं मलाच ठरत नाहीये. आमचा सांगलीकडचा वाडा विकला, त्यानंतर आई फार गप्प झाली होती. मी तिला लॅपटॉपवर हा खेळ लावून दिला. तिने तीन महिने खपून वाडा उभा केला. मधला चौक उघडा, ओसरी, मागे विहिरीच्या जागी कारंजं, कारण विहीर सापडेना. तिच्या वाढदिवसाला मी सीझन्स, म्हणजे तो पावसाचा पॅक, घेतला. चौकात पहिला पाऊस पडला आणि आई स्क्रीनकडे बघत पटकन म्हणाली, "अगं, वाळवण आत घे!" त्या एका वाक्यासाठी मी दुप्पट पैसे दिले असते.

चारू_सिमकर:
वाचून डोळे भरून आले. पण माझं म्हणणं हेच तर आहे! तुमच्या आईचा वाडा पावसाने पुरा झाला. जे नसेल तर घर अपुरं वाटतं, ते मूळ खेळातच हवं.

पिक्सेल_पुणेरी:
मी याच क्षेत्रात काम करते (दुसऱ्या कंपनीत) आणि रात्री खेळातल्या सिमना नेसवायच्या साड्या बनवते. "पाऊस का नाही दिला" म्हणणं सोपं आहे. पाऊस आला की प्रत्येक सिमला थंडीचे-उन्हाचे कपडे लागतात, छत्री लागते, छपराखाली कोरडं राहायला लागतं, आधीच्या सगळ्या पॅकमधल्या वस्तू ओल्यात तपासायला लागतात. आता साडीचं सांगते. खेळात कापड खऱ्यासारखं हलत नाही, हाडांच्या सांगाड्याला चिकटवावं लागतं. ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये निऱ्या सुरेख बसवल्या, सिम सोफ्यावर बसली की त्याच निऱ्या गुडघ्यातून आरपार. पदर खांद्यावर नीट ठेवला, हात वर केला की दंडात घुसतो. एका पैठणीला मला पाच आठवडे लागले. या कामाला किंमत नको?

मोकळा_वारा:
आता खरं बाहेर आलं. तुमची ती पैठणी पैसे भरणाऱ्यांनाच आधी मिळते. म्हणजे कंपनी वाईट नाही, कारण तुम्हीही तेच करता!

पिक्सेल_पुणेरी:
कंपनीच्या २०२२ च्या नियमात स्पष्ट आहे, काही काळ आधी मिळण्यासाठी पैसे घेता येतात, नंतर सगळ्यांना फुकट द्यावंच लागतं. मी तीन आठवड्यांनी खुली करते. आणि ज्यांनी कधी एक दिवा मॉडेल केला नाही त्यांनी मला वाईट ठरवू नये.

ठाणेकर_राजा:
अगदी बरोबर. वारेसाहेब, तुम्ही स्वतः पॅक विकत घेता की कुठून "मोकळे" उतरवता? नावावरून शंका येते.

मोकळा_वारा:
तोंड सांभाळून बोला. अकरा पॅक आहेत माझ्याकडे, एकूण एक विकत घेतलेले. पहिल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून सिटी लिव्हिंग हा शहराचा पॅक घेतला होता, कारण दहा बाय दहाच्या खोलीत राहत होतो आणि त्यात उंच इमारतीतला फ्लॅट मिळत होता. माझा राग पैसे न देणाऱ्याचा नाही, देऊन थकलेल्याचा आहे.

ठाणेकर_राजा:
बरं, शब्द मागे घेतो. तो पॅक चांगलाच आहे.

चारू_सिमकर:
साडीवरून भांडण पेटलंच आहे तर माझंही सांगते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ४.९९ डॉलरचं किट, म्हणजे अगदी छोटा पॅक, आलं, नाव फॅशन स्ट्रीट, आपल्या मुंबईवरून. मी त्याच दिवशी घेतलं, कारण चर्चगेटला कॉलेज आणि तिथल्याच टपऱ्यांवर घासाघीस करून घेतलेले कुर्ते. कपडे छान आहेत, पण रस्ता नाही, टपरी नाही, घासाघीस नाही. पिक्सेलताईंनी घेतलेले पैसे मला पटतात, कारण त्यांना निऱ्यांची काळजी आहे. हॅमस्टर वेगळा काढून विकणाऱ्याला कसली काळजी आहे?

पिक्सेल_पुणेरी:
हॅमस्टरचं मीही समर्थन करत नाही. तो कुत्र्यामांजरांबरोबरच यायला हवा होता. पावसाबद्दल मात्र माझं मत तेच.

चारू_सिमकर:
चला, हॅमस्टर तरी मिळाला. घोड्यांचा पॅक मी सेलमध्येही घेणार नाही, हे ठरलं.

वाड्यातली_लेक:
पिक्सेलताई, नऊवारी करताय का? आईला तुळशीपुढे आजी उभी करायची आहे. ती पैसे द्यायला तयार आहे, मी विचारलं.

पिक्सेल_पुणेरी:
करतेय. उभं राहून चालताना छान दिसते, पण पाटावर मांडी घातली की काष्टा मागून फाटतो. आईंना सांगा, आजी सध्या उभीच ठेवा. बसायची सोय झाली की पहिली प्रत त्यांना, पैसे नकोत.