जुनी एस्टीम गरम झाली की स्लोवर रेस आपोआप वर-खाली होतीय

विश्रामबागकर

नमस्कार. गाडी 2004 ची एस्टीम व्हीएक्सआय, पेट्रोल, वडिलांची आहे, आता मी चालवते. रोजचं सांगलीत विश्रामबाग ते गणपती पेठ, आणि मधूनअधून आईला मिरजेला दवाखान्यात न्यायचं असतं त्यामुळे गाडी भरवशाची राहणं मला फार गरजेचं आहे.

सकाळी गार असताना एका चावीत चालू होते, रेस (इंजिनचे फेरे) जरा जास्त असते बाराशे-तेराशे आरपीएम पण एकदम स्थिर. पुष्पराज चौकापर्यंत आलं, टेंपरेचरचा काटा जागेवर आला, आणि सिग्नलला न्यूट्रलला उभी केली की सुरू होतं. आरपीएमचा काटा नऊशेवरून अठराशेपर्यंत चढतो, धपकन पडतो, परत चढतो, असं सारखं चालूच, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना. शेजारचे गाडीवाले वळून बघतात की ही बाई उगाच रेस का करतीय. एसी लावला की शांत होते. चालत्या गाडीत काहीच जाणवत नाही, पिकअप चांगला आहे, पण एव्हरेज थोडं कमी झालंय.

प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर नवीन टाकलेत, थ्रॉटल बॉडी साफ करून झालीय. चेक इंजिनचा दिवा पेटत नाही. आता फिटर म्हणतोय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय, जुन्या बाजारातनं आणून टाकू. खर्चाची तयारी आहे माझी पण अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाहीये. कुणी असं बघितलंय का?

ओगलेवाडीचा पाना

ताई, ईसीएमच्या नादाला आत्ता अजिबात लागू नका. गार असताना नीट आणि एसी लावला की शांत, या दोन गोष्टीतच बरंचसं उत्तर आहे. इंजिनला कुठून तरी हिशोबाबाहेरची हवा मिळतीय.

थोडं लांबेल पण समजून घ्या, कारण हे एकदा कळलं की कोणी तुमच्या गळ्यात पार्ट मारू शकत नाही. स्लोवर, म्हणजे पाय सोडून इंजिन नुसतं चालू असताना, बटरफ्लाय (थ्रॉटल बॉडीतली हवेची झडप) बंद असतो, हवा जाते ती बाजूच्या छोट्या वाटेनं आणि त्या वाटेवर आयएसी व्हॉल्व असतो, ईसीएम तो कमीजास्त उघडून रेस सांभाळतो. इंजिन गार असतं तेव्हा ईसीएमलाच रेस जास्त हवी असते त्यामुळे जादा हवा आली तरी खपून जाते, तुम्हाला पत्ता लागत नाही. गरम झालं की त्याला आठशेच्या आसपास पाहिजे असते, मग तो व्हॉल्व मिटत नेतो मिटत नेतो, पार मिटला तरी दुसरीकडून हवा येतच राहते. बरं या गाडीत मॅप सेन्सर आहे, तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे बटरफ्लायपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब बघतो, हवा कुठल्या वाटेनं आली ते त्याला कळत नाही, म्हणून जादा हवेला जादा पेट्रोल पण मिळतं आणि रेस चढते. आता खरी गंमत इथे आहे. ईसीएमला दिसतं की ॲक्सिलरेटरवर पाय नाही आणि रेस मात्र चढलीय, म्हणजे त्याच्या लेखी गाडी घाट उतरतीय, मग तो पेट्रोलच तोडतो. यवतेश्वरचा घाट उतरताना गिअरमध्ये पाय सोडला की जे होतं तेच इथं उभ्या गाडीत होतंय. पेट्रोल तुटलं की रेस कोसळते, खाली आली की पेट्रोल परत चालू, परत चढते. आणि हे पेट्रोल तोडायची मर्यादा गार इंजिनला वर असते, गरम झाल्यावर खाली येते, म्हणून सकाळी त्रास नाही. एसीचं पण तेच, कॉम्प्रेसरचा लोड आला की ती जादा हवा कामाला लागते.

उद्या एवढंच करून बघा. गरम गाडी, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि ॲक्सिलरेटर केसभर दाबून धरा. वर-खाली थांबून रेस एका जागी राहिली तर माझं म्हणणं बरोबर, कारण पाय पडला की ईसीएम पेट्रोल तोडत नाही.

गोडोलीकर

वरचं सगळं पटतंय पण मी आधी कूलंट बघीन, कारण त्याला काही खर्च नाही. या वयाच्या बऱ्याच गाड्यांत गरम पाण्याचा पाइप थ्रॉटल बॉडीतून फिरवलेला असतो आणि काहींत तिथे मेणाचा व्हॉल्व असतो, पाणी गरम झालं की मेण फुगून तो जादा हवेची वाट बंद करतो. रेडिएटरात पाणी कमी असेल किंवा हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तिथपर्यंत गरम पाणी पोचतच नाही, वाट उघडी राहते, आणि टेंपरेचर सेन्सरला पण कधी पाणी कधी हवा लागली की ईसीएम गोंधळतो. लोकं उन्हाळ्यात नुसतं साधं पाणी टॉपअप करत राहतात आणि आत हवा राहते.

गाडी पूर्ण गार असताना झाकण उघडा, गरम असताना चुकूनही हात लावू नका, वाफेनं तोंड भाजतं. कमी असेल तर नाक चढावर येईल अशी उभी करा, झाकण काढून, हीटर फुल गरमवर, आणि रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत चालू ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की भरून झाकण लावा. सेन्सर मीटरने बघता येतो, 20 अंशाला साधारण दोन ते अडीच किलोओहम आणि 80 अंशाला तीनशे ओहमच्या आसपास दाखवायला पाहिजे.

विश्रामबागकर

दोघांचे आभार, इतकं नीट कुणी समजावलंच नव्हतं. पाणी काठोकाठ आहे, हिरवं कूलंट आहे आणि हीटर मस्त गरम येतो. ॲक्सिलरेटर केसभर दाबला तर वर-खाली लगेच थांबलं, काटा दोन हजारच्या जरा खाली गपगार उभा राहिला. सोडला की परत सुरू. म्हणजे हवाच ना? पण कुठून ते कसं शोधायचं? फिटर म्हणतो स्प्रे मारून बघू.

मिरज फिटर

ताई स्प्रे मारायचा तर गरम सायलेन्सरच्या बाजूला कार्ब क्लीनर मारू देऊ नका, पेट घेतो, असल्या प्रकारात वायरिंग जळालेल्या गाड्या आमच्याकडे येतात. साध्या पाण्याची फवारायची बाटली घ्या, मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर आणि पाइपांच्या टोकांवर थोडं थोडं मारा, प्लगच्या वायरी सांभाळून. जिथं मारल्यावर रेस बदलेल तिथं हवा घेतीय.

त्याहून पक्की टेस्ट बोटाची आहे. एअर फिल्टरकडून येणारा जाड रबरी पाइप थ्रॉटल बॉडीवरून काढा, गाडी तशीच चालू राहते. बटरफ्लायच्या आधी आतल्या बाजूला बायपासचं भोक दिसेल, गाडी गरम असताना त्यावर बोट दाबा. रेस एकदम पडली किंवा गाडी बंद झाली तर जादा हवा त्या वाटेनं जातीय, मग आयएसी अडकलेला असणार. बोट लावूनही रेस चढलेलीच राहिली तर आयएसीला दोष देऊ नका, हवा बटरफ्लायच्या पुढून कुठून तरी येतीय. मग मॅनिफोल्डवरचे बारीक पाइप एकेक करून पकडीने चिमटायचे, पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ परत ओढून घेणारा), ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा), सगळे. पकडीच्या तोंडाला कापड गुंडाळा नाहीतर जुनं रबर तिथंच फाटतं.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. गाडीला कधी एलपीजी किट होतं का? आणि 2019 च्या पुरात पाण्यात होती का? पुरातल्या गाड्यांचे सेन्सरचे कनेक्टर आतून हिरवे पडतात आणि वर्षानुवर्षं त्रास देत राहतात.

स्कॅनरचं पण सांगतो, मोबाइलला जोडायचं ते स्वस्तातलं डोंगल आणू नका, भारतात ओबीडी (गाडीतले दोष स्कॅनरला सांगणारी यंत्रणा) सक्तीचं झालं ते 2010 पासून, त्याआधीच्या मारुतीला ते बऱ्याचदा कनेक्टच होत नाही.

विश्रामबागकर

पुरात नव्हती, तेव्हा आमच्याकडे पाणी आलं नव्हतं. पण किट होतं! वडिलांनी एलपीजी बसवलेलं, नंतर टाकीची तपासणी वगैरे नको म्हणून काढून टाकलं. त्याचा काय संबंध?

मिरज फिटर

फार संबंध आहे. किटच्या काही व्हेपोरायझरना (एलपीजीचा वायू करणारा भाग) मॅनिफोल्डवरून व्हॅक्यूमचा पाइप काढलेला असतो, किट काढलं की त्या निपलवर रबरी टोपी बसवून सोडतात. ती टोपी इंजिनच्या उष्णतेनं तडकते आणि बसवलेली असते मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला, वरनं बघून दिसत नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन बघा. आणि जाड पाइपात हवेत गॅस मिसळणारा मिक्सर बसवायला कापाकापी झाली असेल तर तो पाइप पण बघा, त्यानं रेस चढणार नाही पण न गाळलेली धूळ थेट इंजिनात जाते.

ओगलेवाडीचा पाना

यात माझी एक भर. गॅसवर स्लोला गाडी बंद पडू नये म्हणून किटवाले थ्रॉटल बॉडीचा स्क्रू थोडा उघडतात, आणि किट निघालं तरी स्क्रू तसाच राहतो. आयएसी तेवढं सांभाळून घेत असतो म्हणून कळत नाही, पण वरून टोपीची हवा वाढली की त्याच्या हाताबाहेर जातं. म्हणून टोपी सापडली तरी तिथंच थांबू नका.

विश्रामबागकर

सापडलं! रविवारी शेजारच्या काकांना बरोबर घेऊन केलं, ते पूर्वी कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला होते. बोट लावलं तरी रेस चढलेलीच, म्हणजे आयएसी निर्दोष. पाइप चिमटले तर काहीच फरक नाही, पीसीव्ही ठीक, बूस्टरचा ठीक. मग आरसा घेऊन मॅनिफोल्डच्या खाली बघितलं तर एक पितळी निपल आणि त्यावर काळी टोपी, दिसायला धड होती पण हात लावल्यावर अर्धी हातातच आली. काकांनी त्या निपलवर बोट ठेवलं तर वर-खाली होणं तिथल्या तिथं थांबलं, मला तर विश्वासच बसेना. नवीन टोपी क्लॅम्प लावून बसवलीय.

आता गरम गाडी स्थिर आहे पण हजार-अकराशेवर, आठशेवर येत नाही. म्हणजे तो स्क्रूच ना? काका म्हणतात स्क्रूला हात लावण्याआधी विचार.

ओगलेवाडीचा पाना

काकांना माझा नमस्कार सांगा, बरोबर थांबवलं त्यांनी. तिथं दोन वेगळे स्क्रू असू शकतात. एक बटरफ्लायच्या टेकूचा, त्यावर बहुतेक रंगाची खूण असते, तो फिरवला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं सेटिंग हलतं आणि ईसीएमला पाय सुटलेला कळतच नाही. रंग फुटलेला दिसला तर तो कुणीतरी छेडलाय, ते काम सेन्सरचा व्होल्टेज मीटरने बघणाऱ्या माणसाकडूनच करा. दुसरा स्लोच्या हवेचा, तो किंचित मिटून बघायला हरकत नाही. गाडी पूर्ण गरम, फॅन लागून बंद झालेला, एसी आणि दिवे बंद. आधी पेनने खूण करा म्हणजे परत जागेवर आणता येईल, मग पाव-पाव फेरा मिटत चला आणि दर वेळी रेस बसेपर्यंत थोडं थांबा. आठशे-साडेआठशेला बसली की तिथं सोडा. मग एसी लावून, हेडलाइट लावून, स्टिअरिंग वळवून बघा, बंद पडायला नको.

मिरज फिटर

आणि ॲक्सिलरेटरची केबल बघायला विसरू नका, ओढून बसवली असेल तर बटरफ्लाय पूर्ण मिटतच नाही आणि स्क्रू कितीही फिरवला तरी रेस उतरत नाही. केबलला दोन-चार मिलिमीटर ढील पाहिजे. हे स्क्रूच्या आधी बघा.

विश्रामबागकर

केबल ताणलेलीच होती! चेकनट सैल करून ढील दिली तर गरम गाडी सरळ साडेआठशेवर आली, स्क्रूला हातच लावला नाही. टेकूच्या स्क्रूवरचा रंग शाबूत आहे. आज आईला घेऊन मिरजेला जाऊन आले, येताना गर्दीत बराच वेळ उभी होते, एसी बंद ठेवून मुद्दाम बघितलं, काटा हलला नाही. फिटरला ईसीएमचं नको म्हणून फोन केलाय. एकच विचारायचं राहिलं, बाकीचे व्हॅक्यूमचे पाइप पण त्याच वयाचे आहेत, सगळे एकदम बदलून घेऊ का?

मिरज फिटर

घ्या. मीटरच्या मापाने मिळतो पाइप, पण पेट्रोल-ऑइलला चालणारा मागा, साधा पाण्याचा नको, आणि आतला व्यास जुन्या पाइपाचा तुकडा नेऊन जुळवा. ब्रेक बूस्टरचा मात्र कंपनीचाच घ्या, त्यात वन-वे व्हॉल्व असतो आणि तो कुठल्या तोंडाने बसवलाय ते काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.