मायक्रोमीटरवर साइज ओके, तरी २५ चा ग्राउंड बार गो रिंगमध्ये जात नाही, असं का?

बुशवाला:
नमस्कार मंडळी, एक डोकं खाणारा प्रॉब्लेम आहे. २५ मिमीचा ईएन८ (मध्यम कार्बन स्टील) बार मागवला, सेंटरलेस ग्राउंड (सेंटरवर न धरता दोन चाकांमध्ये ग्राइंड केलेला), ड्रॉइंगवर टॉलरन्स स्मॉल एच८. म्हणजे २४.९६७ ते २५.०००. माल आला, सोबत रिपोर्ट पण आला, सगळं हिरवं. आम्ही आमच्या मायक्रोमीटरने मोजलं तर कुठेही फिरवून धरा, २४.९९२, फार तर एखादा मायक्रॉन इकडे तिकडे. आणि गो रिंग गेज (वरच्या लिमिटची कडी, चांगला बार तिच्यातून जायलाच हवा) तोंडाशीच अडकतो. बुश (शाफ्ट ज्यात सरकतो ती नळी) कॅपिटल एच८ मध्ये आहे, म्हणजे भोक २५.००० किंवा थोडं मोठं, त्यातल्या खालच्या साइजच्या बुशमध्येही तेच, जोर लावला तर जातो पण शाफ्ट सरकायचा आहे, ठोकायचा नाही. गेज दुसऱ्या मास्टरवर चेक केला, बरोबर आहे. बर (कडेला राहिलेली धारदार कोर) पण काढून झाली. सप्लायर म्हणतो साइज टॉलरन्समध्ये आहे, आमचा विषय संपला. आता नक्की कोण चुकतंय?

लेथमास्तर:
बार वाकडा असणार, दुसरं काय. सरफेस प्लेटवर लोळवून बघा, खालून उजेड दिसतो का. मिमी पर मीटरच्या हिशोबात येतात हे बार, साइज कितीही भारी असू दे.

गेजरूम:
मास्तर, बाक असेलही, पण रिंग त्यामुळे अडकत नाहीये. एकसारखा बाक असेल तर तो लांबीच्या वर्गाने कमी होतो, सरळ प्रमाणात नाही. मीटरला १ मिमी बाक धरला तर ३०० मिमीच्या तुकड्यात ०.३ नाही, ०.०९ येतो. आणि ४० मिमी लांबीचा बुश घेतला तर तेवढ्या लांबीत दीड मायक्रॉनच्या आसपास. रिंग गेज तर त्याहून आखूड. शिवाय ते म्हणतायत तोंडाशीच अडकतो, बाकाने अडकला असता तर थोडा आत जाऊन अडकला असता.

मला हा लोबिंगचा प्रकार वाटतोय. सेंटरलेसवर जॉबचं, म्हणजे बारचं, सेंटर दोन्ही चाकांच्या सेंटर लाइनवरच ठेवलं की बार गोल न होता तीन कोपऱ्यांचा होतो, अगदी डोळ्याला न दिसणारा. आणि गंमत अशी की तीन कोपऱ्यांच्या आकारात एका बाजूला जिथे उंचवटा असतो तिथे बरोबर समोर खड्डा असतो, त्यामुळे मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांमध्ये तो कसाही फिरवा, रीडिंग तेच. ओव्हल असता तर मायक्रोमीटरने लगेच पकडला असता, हा नाही पकडत. रिंगला मात्र उंचवटे तिन्ही एकदम लागतात.

बार ९० अंशाच्या व्ही-ब्लॉकवर ठेवा, वरून डायल लावा, हळू फिरवा. एका फेऱ्यात काटा तीनदा वर खाली झाला तर समजा तेच आहे. जेवढं टोटल रीडिंग येईल त्याचं निम्मं म्हणजे राउंडनेसची (गोलपणाची) चूक, कारण ९० च्या व्ही वर तीन लोब (कोपरे) दुप्पट दिसतात (पाच पण दुप्पट. सात लोब मात्र ९० च्या व्ही वर अजिबात दिसत नाहीत, म्हणून काटा स्थिर राहिला तर लगेच बार गोल आहे असं जाहीर करू नका).

बुशवाला:
काटा खरंच तीनदा हलला!! टोटल ०.०२४.

गेजरूम:
म्हणजे राउंडनेस ०.०१२. ते मायक्रोमीटरच्या साइजमध्ये मिळवा, २४.९९२ अधिक ०.०१२, झाले २५.००४. रिंगसाठी तुमचा बार २५.००४ चा आहे, मग कसा जाईल आत.

ड्रॉइंगवाली:
कोण चुकतंय याचं उत्तर कागदावर शोधायचं तर सप्लायर तांत्रिकदृष्ट्या सुटतो, वाईट वाटेल पण तसंच आहे. आयएसओ ८०१५ प्रमाणे नुसता साइजचा टॉलरन्स लिहिला की तो फक्त साइजपुरता असतो, म्हणजे दोन बिंदूंमधलं माप, फॉर्मचा (गोल, सरळ असण्याचा) त्याच्याशी संबंध नाही. गो गेजने पास व्हायलाच हवा असेल तर साइजच्या पुढे गोलात ई टाकावा लागतो, त्याला एन्व्हलप रिक्वायरमेंट म्हणतात. अमेरिकन ड्रॉइंग असेल तर एएसएमई वाय१४.५ मध्ये हा नियम आपोआप लागतो असं सगळे सांगतात, पण त्यातच लिहिलंय की बाजारात मिळणाऱ्या बार, पत्रा, ट्यूब अशा स्टॉकला तो लागू नाही. त्यामुळे तिथेही हातात काही नाही. पुढच्या ऑर्डरमध्ये राउंडनेस वेगळा लिहा, ०.००५ वगैरे, आणि स्ट्रेटनेस पण किती लांबीवर ते सांगून. नुसतं ग्राउंड लिहिलं की माणूस गोल गृहीत धरतो.

पीलिंगवाला:
थोडं विषय सोडून, पण याच शाफ्टवर बेरिंग बसणार असेल तर आत्ताच थांबा. बेरिंगची इनर रिंग (आतली कडी) फिरणारी असेल तर तिथे शाफ्टला साधारण के६ टॉलरन्स मागतात, २५ ला ते २५.००२ ते २५.०१५. स्मॉल एच मध्ये बार कधीच नॉमिनलच्या वर जाऊ शकत नाही, मग तो एच६ असो नाहीतर एच११, बेरिंगला भरवशाची पकड मिळणार नाही. २८ चा घेऊन उतरवा. आणि काळा हॉट रोल्ड २८ घेणार असाल तर ईएन १००६० मध्ये त्याला अधिक उणे ०.६ आहे, म्हणजे २७.४ चा आला तरी तक्रार नाही, शिवाय वरचा डिकार्ब झालेला (कार्बन कमी झालेला) थर जायला हवा हे पण धरा. कोल्ड ड्रॉन घेतलात आणि एका बाजूला कीवे (चावीची खाच) मारलात तर शाफ्ट केळीसारखा वळतो, आतला ताण सुटतो म्हणून. त्यापेक्षा पील्ड (वरचा थर सोलून काढलेला) बार घ्या.

बुशवाला:
बेरिंग नाही, फक्त बुश आहे. ऑर्डरमध्ये राउंडनेस टाकतो आता. पण पडलेल्या मालाचं काय, भंगारात?

गेजरूम:
अजिबात नको. खड्ड्यांच्या तळाशी बसणारा पूर्ण गोल काढा, २४.९९२ मधून ०.०१२ वजा, २४.९८० चा. खालची लिमिट २४.९६७, म्हणजे अजून १३ मायक्रॉन हातात आहेत. परत सेंटरलेसवर हलका पास मारून घ्या, फक्त यावेळी वर्क रेस्ट ब्लेड (जॉब ज्यावर टेकतो ती पट्टी) वर उचलून, जॉबचं सेंटर चाकांच्या सेंटर लाइनच्या वर ठेवून. आधी एकच बार काढा, व्ही-ब्लॉकवर फिरवा आणि मगच बाकीचे मशीनवर चढवा.